बैठे काम

एप्रिल. ओपीडीच्या खोलीत कूलर पाणी मागतोय
आणि माझ्या पडद्यावरचा चौकोन विचारतोय:
गेल्या चोवीस तासांत काय काय खाल्लं?

समोर गुलाबराव धकाते, तांडापेठ, वय एकसष्ट,
शुगर दोनशे अठ्ठ्याऐंशी.
डोक्याचा दुपट्टा सोडून
मांडीवर घडी घातलेला, किनार किनारीवर.

सकाळी?
"तर्री-पोहे. चौकातले."
तर्रीत तेल किती चमचे?
"चमच्यानं कोन मोजते मॅडम,
वर येते तेवढं."
मी दोन लिहिते. मग तीन.

दुपारी भाकर, वांग्याची भाजी, वरून सांबार.
मी सां टाइप करते, बा टाइप करते,
तोवर सॉफ्टवेअरनं वाटीभर डाळ वाढलेलीसुद्धा,
शेवग्याच्या शेंगेसकट, प्रथिनं पाच ग्रॅम.
नाही रे बाबा.
हे सांबार म्हणजे भाजीवाली
पिशवीत वरून खोचते ते हिरवं.
खोडते. शोधते: कोथिंबीर. चिमूटभर.
"मशीन मद्रासकडची दिसते," गुलाबराव म्हणतात.

रात्री?
ते कूलरकडे बघतात.
"रस्सा होता. पाहुने आले होते."
कशाचा, ते मी विचारत नाही. लिहिते.

मग हालचालीचं पान.
बैठे, मध्यम, जड. एकच निवडा.
काम काय करता?
"हातमाग. लुगडं आता कोन नेसते, पन माग चालू हाये."
बसून करता ना?
"बसूनच. खड्ड्यात पाय सोडून."
बैठे.
पडदा लगेच हिशेब मांडतो,
दिवसाला सोळाशे, भाकरी दोन.

आकडा ते चष्मा वर सरकवून वाचतात.
"एवढ्यात तर काठबी नाई उतरत."
आणि चप्पल काढून, पॅन्ट गुडघ्यावर दुमडून
माझ्या टेबलाखाली, तिथे नसलेल्या पावड्यांवर
डावा, उजवा, डावा,
वर हात नसलेला धोटा फेकतात
केसपेपरवरून, स्टेपलरवरून, माझ्या डब्यावरून.
रांगेतली बाई दारातून डोकावते.
"मोजा," म्हणतात.

मी माझं पावलं मोजणारं घड्याळ सोडते.
आज त्यावर माझी सहाशे बारा.
पट्टा त्यांच्या पोटरीला पुरत नाही,
तशीच खाली बसते, हातानं धरून ठेवते.
हातात काहीतरी धडधडतं,
दोरीसारखं घट्ट, गरम.
सातशे. आठशे. नऊशे तीस.
घड्याळ थरथरून मला शाबासकी देतं,
पुढचे लोक खोकायला लागतात.

उठते. बैठे खोडते. जड.
नक्की बदलायचं? चौकोन विचारतो.
नक्की.
भाकरी तीन होतात.

छापील कागद ते दुपट्ट्याच्या घडीत ठेवतात,
दारापर्यंत जातात, परत येतात.
"तेल दोन चमचे लिहिलं तुमी.
मग वर येते त्याचं काय करू?"