सप्टेंबरपर्यंत

"थांबा," सेरदार म्हणाला,
"सप्टेंबरात नवं मॉडेल येतंय,
मग याचीही किंमत उतरेल."
नेवझातने मान डोलावली.
लिरा त्याआधीच उतरलेला असेल,
हे काही बोलला नाही.

कानलिजाची बाल्कनी.
जुन्या कॅमेऱ्याचं झाकण चिकटपट्टीवर तगलेलं,
आणि दिवेलागणीनंतर
तो फोटोत रवा सांडतो.

आज पावणेआठला
बॉस्फरसमधून एक गंजकी मालबोट निघाली
आलियाच्या भंगारवाड्याकडे,
स्वतःच्याच इंजिनावर,
नाव अर्धं खरवडलेलं.
हिचा निळा रंग ताजा होता तेव्हाचा फोटो
आहे त्याच्याकडे. याच कॅमेऱ्यातला.

त्याने कठड्याला कोपर टेकवलं,
श्वास धरला, बटण दाबलं.

रवाच आला.
पण त्या रव्यातही कळतो
डेकवर कुणीतरी वाळत घातलेला
एक शर्ट.