रोल कुठे धुवायचा

स्वान्सीत आल्यावर आधी डॉक्टर शोधला,
मग बरा तांदूळ,
मग एका सोमवारी रात्रपाळी संपवून
रोल धुवायची जागा शोधायला निघाले.
कोटाच्या खिशात डबीत रोल खुळखुळत होता,
छत्तीस फोटो, एकही न पाहिलेला.

पहिलं दुकान औषधांचं.
खोकल्याच्या बाटल्यांशेजारी मशीन.
तासाभरात तयार, म्हणाला पोरगा,
आणि तासाभरात खरंच सगळं तयार होतं:
निगेटिव्हवर एक लांबलचक ओरखडा,
समुद्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
जणू क्षितिज कुणी दोनदा आखलंय.
"होतं मशीनचं असं कधी कधी."
मी मॉरिस्टनच्या इस्पितळात एक्स-रे काढते.
आमच्याकडे एवढा ओरखडा उमटला
तर एखाद्याला उगाच प्लास्टर बसेल.

दुसरी लॅब लेस्टरची, पोस्टाने पाठवायचं.
रंग सुरेख आले. निगेटिव्ह आल्याच नाहीत.
फोन केला तर बाई गोड आवाजात म्हणाल्या,
"बहुतेक लोक मागतच नाहीत हो."
म्हणजे धोब्याने शर्टाचं चित्र काढून द्यावं
आणि शर्ट ठेवून घ्यावा.

तिसऱ्याबद्दल बोलत नाही.

मग चढावरची ती गल्ली. खाली चांभार,
वर ग्लेनिस प्रोबर्ट, एवढीच पाटी.
जिन्यात फिक्सरचा वास आला
आणि पाय आपोआप सावकाश पडू लागले.
आमच्याकडे आता सगळं पडद्यावर दिसतं,
पण शिकत होते तेव्हा हा वास
माझ्या वेणीतून आठवडाभर जात नसे.

मी प्रश्न पाठ करून गेले होते.
केमिकल कधी बदलता?
"काल."
निगेटिव्ह परत देता ना?
तिने माझ्याकडे असं पाहिलं,
जसं मी विचारलं होतं, मूल परत देता ना.
मग तिनेच विचारलं, "यात कोण आहे?"
बहीण, म्हटलं. सुट्टीला आली होती.
"रंग?"
रंगीतच आहे, दोनशेची फिल्म.
"फिल्मचा नाही. बहिणीचा."

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

नाव कुमुद, आणि रंग भिजल्या चिंचेचा.
कराडच्या स्टुडिओवाल्याने
स्थळांना पाठवायचा फोटो काढला तेव्हा
पेन्सिलने, पावडरीने, बल्ब वाढवून
तिला इतकं उजळ केलं
की पाहायला आलेल्या काकूंनी
पोह्याची बशी तिच्याच हातून घेत विचारलं,
"मुलगी कुठंय?"
औषधाच्या दुकानातलं मशीनही तेच शिकलेलं,
फक्त पेन्सिल न लावता:
वाळू गुलाबी, आकाश गुलाबी,
आणि मध्ये कुमुद, राख फासल्यासारखी.

गुरुवारी ग्लेनिसने एक पट्टी दाखवली.
तोच चेहरा पाच वेळा, पाच छटांत.
ट्यूबलाइटखाली नाही, खिडकीशी नेऊन,
ढगाळ, खरं बोलणाऱ्या उजेडात.
"यातली कोणती ती?"
मी चौथीवर बोट ठेवलं.
"मलाही तीच वाटली," ती म्हणाली,
"पण मी तिला भेटले नाहीये."

चौथी कुमुद कठड्याला टेकलीय,
माझा रेनकोट, खाली हिरवी साडी,
कागदातल्या चिप्स,
पदर वाऱ्याने भलत्याच दिशेला.
गळ्यापाशी एक सावली आहे,
ती सावलीच आहे, डाग नाही,
आणि गालावर खारी ओल चमकतेय.
दुप्पट पैसे पडले. दिले.

तीन आठवड्यांनी फोन आला.
पाकीट मिळालं, म्हणाली,
आणि मग बराच वेळ नुसती खरखर.
लाइन गेली असं वाटलं मला.
"त्या चिप्सना मीठ कमी होतं," ती म्हणाली.
हो, म्हटलं.
"मोठा करून मिळेल का गं हा?"