पोच

अंबडच्या कारखान्यात, टाइम ऑफिसच्या खिडकीशी
दोनशे अठरा पुस्तिका आल्या, निळ्या कव्हरच्या,
चौसष्ट पानी, मधे दोन पिना,
आणि प्रत्येकीच्या शेवटी फाडायचं एक पान:
मी, खाली सही करणार,
पुस्तिका मिळाली, वाचली, समजली, मान्य आहे.

चार क्रियापदं.
पहिलं तेवढं माझ्या डोळ्यांदेखत खरं.

साहेब म्हणाले, शुक्रवारी ऑडिट आहे.
पुस्तिका मागनं गेली तरी चालेल, पोच आधी हवी.

मग काय, पहिली पाळी सुटताना लावली रांग.
पेन सुतळीनं बांधलं खिडकीच्या गजाला,
आणि माणसं सह्या करत गेली
देवळावरून जाताना चालणं न थांबवता
हात छातीशी जातो तशी.
पेंट शॉपची सुनंदा भोये सही म्हणून अख्खं नाव लिहिते,
शेवटी शिरोरेघ, फूटपट्टीनं ओढल्यासारखी.
शैलेंद्र आहेरनं स्वतःची केली,
रजेवरच्या भावाची करू का विचारलं.
मी नको म्हटलं.
थोड्या वेळानं कर म्हटलं.

हिरामण बेंडकुळे, प्रेस शॉप, टोकन एकशे चार.
म्हणाला, मॅडम, वाचून देतो.
मला वाटलं गंमत करतोय.
रांग तटली, मागं कुणीतरी शिट्टी मारली.
त्यानं पुस्तिका डब्याच्या पिशवीत सरकवली
आणि सायकल पाथर्डी फाट्याकडे वळवली.

सोमवार ते गुरुवार त्याच्या नावापुढचा चौकोन मोकळा.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते,
तशी माझी नजर तिथंच.

साहेब म्हणाले, या माणसाला काही पोच नाही.

गुरुवारी आला. कानटोपी न काढताच
पेन्सिलीच्या खुणा दाखवायला लागला.
पान सतरा, 'वाजवी वेळ' म्हणजे किती मिनिटं?
प्रेस शॉपमधून लघवीला जाऊन यायला सात लागतात.
पान एकोणतीस, तक्रार विभागप्रमुखाकडे द्यावी.
आणि त्याचीच असली तर?
पान एक्केचाळीस, वडील वारले तर तीन दिवस, सासूला एक.
मॅडम, आमच्या सासूनं आम्हाला दोन वर्षं जेवू घातलंय.
पान बावन्न छापायचंच राहिलंय.
तुमच्यात बघा.

मी बघितलं. माझ्यातही कोरं.
गठ्ठ्यातली उरलेली काढली, तीही कोरी.
म्हणजे दोनशे सतरा जणांनी
ते पान वाचलं होतं, समजलं होतं,
मान्य केलं होतं.
मीही. सगळ्यांत आधी, साहेबांच्या टेबलाशी,
चहा निवायच्या आत.

हिरामणनं सुतळी ओढून पेन जवळ घेतलं.
'मिळाली'वर खूण. 'वाचली'वर खूण.
'समजली'पाशी थांबला, तिथं सतरा, एकोणतीस, एक्केचाळीस असे आकडे लिहिले.
'मान्य'च्या पुढं: पान बावन्न सोडून.
मग सही. आणि पाळी चुकेल म्हणून पळाला.

शुक्रवारी ऑडिटरनं फाइल उचलली,
अंगठ्यानं जाडी चाचपली,
ठीक आहे, म्हणाला, आणि मिसळ कुठली चांगली ते विचारलं.
एकशे चारचं पान आतच होतं,
पंच केलेलं, दोऱ्यात ओवलेलं.

माझी पुस्तिका आता पर्समध्ये असते.
गरवारे पॉइंटला बस बराच वेळ अडकते.
पान नऊपर्यंत आलेय.