ओघळटोक

उंची साडेसात फूट. त्याहून वाढलं नाही.
खोड मनगटाएवढं, करडं;
नखाने खरवडलं तर आत ओल्या हळदीचा रंग.
पानं एकाआड एक, वरून चकचकीत,
आणि प्रत्येक पान संपता संपता
एक लांब बारीक टोक काढतं,
दौतीतून नुकत्याच उचललेल्या टाकासारखं.

टोकाला काम असतं.
जिथे पाच-पाच महिने आभाळ उघडत नाही
तिथे पानावर पाणी साचलं की शेवाळ धरतं,
आणि थोराड झाडांच्या पायाशी
आधीच पसाभर उजेड पोचतो, तोही जातो.
म्हणून पान पाण्याला म्हणतं,
चल, नीघ, बसू नकोस.

एकतीस वर्षं मी हे फळ्यावर काढून दाखवलं,
नागपुरात,
जिथे मे महिन्यात ओलं फडकं
टेबलापासून खिडकीपर्यंत नेईस्तोवर वाळतं.

रोप आणलं वनमाला कुंभारेनं.
आगुंब्याच्या सहलीहून परतताना
ओल्या टॉवेलात गुंडाळून, डब्यात उभं करून,
दोन दिवस मांडीवर.
मी रागावले. असं उपटून आणत नसतात.
जगणार नाही, म्हटलं,
आणि जगलं तर जास्तच वाईट.

दौलत नंदेश्वर, प्रयोगशाळा परिचर,
तेव्हा काही बोलला नाही.
भंगारातला कूलर त्याने हरितगृहाच्या जाळीला तारेने बांधला,
वाळ्याचे ताटे स्वतःच्या पैशाने बदलले,
आणि नवतपा लागला की
इंदोऱ्याहून सायकल मारत रात्री दोनला टाकी भरायला यायचा.
एकदा म्हणाला, "मॅडम, याच्या पानाले शेपटी काहून?"
मी सांगितलं, वर लिहिलंय तेच.
तो बराच वेळ पानाकडे पाहत राहिला.
"म्हंजे पाणी नको म्हून हाय ते.
अन् मी इथं पाणी देऊन रायलो."

अकराव्या वर्षी फुललं.
फांदीवर नाही; खोडावर,
गुडघ्याच्या उंचीला, जुन्या सालीतून थेट,
पिवळसर लोंबत्या माळा.
दौलतला वाटलं कीड लागली.
चुना कालवून, कुंचला घेऊनच आला.
मी ओरडले तेव्हा अर्धी बाजू माखून झाली होती.

उरलेली फुलं भिंगाखाली पाहिली.
पाकळ्या नाहीत. पुंकेसर सहा, एका फुलात सात.
मधोमध, बीजकोश हवा तिथे
एक केसाळ उंचवटा, फक्त आठवणीपुरता.
नर.
यांच्यात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं.
तिकडे फुलांवर कोण येतं मला ठाऊक नाही.
इथे आली कूलरवरची चिलटं.
"फळ कदी धरन?"
नाही धरणार, दौलत.
"हाव का," म्हणाला, आणि बादली उचलून गेला.

निवृत्तीच्या आधल्या आठवड्यात
मी टिपकागदात दाबलेली सगळी पानं काढली, मोजपट्टी घेतली.
सहलीहून आलेल्या पानाचं टोक एकतीस मिलिमीटर.
मधल्या वर्षांतली सव्वीस, चोवीस, पुन्हा सव्वीस.
यंदाचं एकोणीस.
ही उत्क्रांती नव्हे. वर्गात कुणी तसं म्हटलं असतं
तर मी गुण कापले असते.
कोरड्या हवेत पान असंच वाढतं, एवढंच.
तरी मी ती दोन पानं शेजारीशेजारी ठेवून
चहा निवेपर्यंत बसले.

मग कोरा तक्ता घेतला, दोन्ही पानं शिवली.
जाती : खात्री नाही.
संग्राहक : व. कुंभारे.
शेरा : टाकी दौलत नंदेश्वर यांनी भरली.
आढळ या रकान्यात
मूळ रान लिहायचं असतं,
आणि झाड लावलेलं असेल तर तसं नमूद करायचं असतं.
मी लिहिलं, नागपूर, तळमजला, उत्तरेची बाजू.

चूक आहे.
शाईने लिहिलंय.