निसिया

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
मी ते जगाला उघडं केलं.
जग झोपलं होतं.
कुतैसीत फक्त रिओनी जागी,
पांढऱ्या दगडांशी काहीतरी पुटपुटत.

पहिल्या दिवशी तीन भेटी नोंदल्या गेल्या.
दोन माझ्याच.
तिसरी बातुमीच्या मावशीची. तिनं फोन करून विचारलं,
"छान दिसतंय गं, ताम्ता, पण यात करायचं काय?"

उधारीला आमच्याकडे निसिया म्हणतात.
प्रत्येक पाववाल्याच्या खिळ्याला एक वही टांगलेली,
कडा करपलेल्या, पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली.
ती वही मी फोनमध्ये आणली, इतकंच.
इतक्याला अकरा महिने.
बँकेतली नोकरी सोडून, एकटीनं:
कोड मी, रंग मी, दवंडी मी,
तक्रारखिडकीत बसलेली मी
आणि खिडकीसमोरच्या रांगेतही मीच.

आलेख काढले होते. फार देखणे.
कुठल्या वारी किती पाव गेले, कुठल्या गल्लीत किती थकले.
तो पडदा आजतागायत कुणी उघडलेला नाही.
हे मला ठाऊक आहे, कारण
कोण काय उघडतं ते मोजायची सोयही
मी दोन आठवडे खपून केली होती.

किंमत लिहिताना हात कचरला.
पंधरा लारी. मग नऊ. मग, सध्या मोफत.
झेस्ताफोनीचा जुम्बेर फोनवर म्हणाला,
"फुकट? आणि उद्या तू पळालीस
तर मी कुणाची गचांडी धरू?"
दुसऱ्या दिवशी पुन्हा पंधरा केले.
पहिले पंधरा त्याचेच आले.

मग एकदा मार्शरुत्कात बसून गेले त्याच्याकडे.
विहिरीसारखी भट्टी; तो कमरेपर्यंत आत वाकतो,
होडीसारखा लांबट गोळा भिंतीवर थापतो, वर येतो,
भुवया पांढऱ्या, मनगटापर्यंत पीठ.
फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फळीवर ठेवलेला,
आणि माझी नाजूक, नेमकी बटणं
तो कोपरानं दाबत होता.
मी तासभर उभी राहिले.
परतताना खिडकीशी बसून
निम्मं ॲप मनातल्या मनात पुसलं.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला, पहाटे पाचला.
"शाल्वा गेला.
चौदा लारी वीस तेत्री राहिलेत त्याच्याकडे.
तुझ्या यंत्रात दोनच रकाने. फेडले, नाहीतर बाकी.
फेडले म्हणू तर खोटं.
बाकी ठेवू तर रोज सकाळी वर येतो, लाल अक्षरांत."
मी म्हटलं, पुसून टाक.
पलीकडे नुसती भट्टीची धग ऐकू येत होती.
"पुसू?
बावीस वर्षं माझा पाव खाल्ला त्यानं."

वहीत काय करायचास?
"आडवी रेघ.
नाव वाचता येईल अशी."

एकोणीस ओळी लागल्या त्या रेघेला.
उजाडायच्या आत पाठवली.
कुठे जाहीर केलं नाही, काय जाहीर करणार?

आता एक्केचाळीस भट्ट्या आहेत.
फ्रँकफुर्टच्या सर्व्हरचं भाडं सुटतं, विजेचं बिल सुटतं,
दातांच्या डॉक्टरचं अजून नाही.
आणि महिनाअखेरीला रेघा पडतात.
सगळ्याच मेलेल्यांसाठी नसतात.
च्कालतूबोतली एक बाई दर ईस्टरला
एकाच जिवंत माणसाच्या नावावर मारते,
आणि सोमवारपासून पुन्हा लिहायला घेते.
का, ते मी विचारत नाही.
तसा रकाना मी ठेवलेलाच नाही.

चाचणीसाठी पहिलं खातं उघडलं होतं ते माझ्याच नावाचं:
ताम्ता, बाकी, अकरा महिने.
अजून तिथंच आहे, लाल अक्षरांत.
बटण माझंच, बोटाला पीठही नाही.
कधीकधी रात्री अंगठा त्याच्यावर नेते,
जरा वेळ तसाच ठेवते,
मग कुणाची तरी तक्रार येते.