दुकानांच्या काचा

लेऊवार्डनमध्ये या दुखण्याला म्हणतात
काचांपुढचे पाय.
शंभर पावलं, की पोटरीत गोळा,
कुल्ल्यापर्यंत कळ;
मग माणूस थांबतो
आणि लाज राखायला दुकानाची काच बघतो.

श्युर्ड, जुना पोस्टमन.
त्याला आता पाठ आहेत
बायकांच्या टोप्यांच्या किमती,
आणि तिसऱ्या काचेतली निळी किटली,
जिची धूळ दर गुरुवारी कोणीतरी पुसतं.
चित्स्के म्हणायची, एवढं काय बघतोस तिच्यात?
सांगितलं नाही.

जांघेत सुई. तेवढीच जागा बधिर.
पडद्यावर ओटीपोटातलं काळं झाड,
उजवी फांदी मध्येच खोडलेली.
"तार गेली पलीकडे," डॉक्टर हुकस्ट्रा म्हणाली.
फुगा फुगला, आत कुणी अंगठा दाबल्यासारखं,
मग करंगळीएवढी जाळीची नळी
उघडली आणि तिथेच राहिली.

नर्सने पावलावर नाडी शोधली,
सापडली तिथे पेनाने फुली मारली.
रात्री पाय गरम.
दोनदा पांघरूण उचलून पाहिला,
आपलाच ना?

पंधरवड्याने तो रस्ता एका दमात संपला.
टोप्या गेल्या, किटली गेली,
टोकाला कालवा.
इथे बाक कधी बसवला?
बसला नाही.
मागे वळला, दुकानात शिरला, किटली मागितली.
"शेवटी ठरलं म्हणायचं!" दुकानदारीण हसली.
"छे हो. दोन वर्षं उभा होतो,
त्याचं भाडं."

घरी आणून पाणी ठेवलं.
चोच गळते.