उजवा डोळा

सातऱ्यावर माय मिरच्यांचे देठ खुडते,
म्हणून माघापासून तिचं बोट
कुणाच्याच डोळ्याजवळ जात नाही.
कचरा गेला तर नुसती फुंकर.

ओसरीच्या खांबाला आरसा.
माझे हात बेसनानं धुतलेले, मग साबणानं, मग पुन्हा.
बोटाच्या शेंड्यावर लेन्स,
एवढीशी, पाण्यालाच साल आल्यासारखी.

पापणी मिटते.
माझा डोळा मलाच ओळखत नाही.
सहाव्यांदा लेन्स गालावर.
"चष्मा का वाईट व्हता व?" माय म्हणते.
भिवापूरच्या सामन्यात तो फुटला
तेव्हा काचा हिनंच वेचल्या होत्या.

मग उठते, पापणी धरायला हात पुढे आणते
आणि अर्ध्यात थांबते.
हात पदराखाली.
"वर पाह्य, आढ्याकडे. माह्याकडे नोको."

आढ्याला मागच्या वर्षीची कणसं, एक कोळिष्टक.
कोळिष्टकाचे धागे दिसले
तेव्हा कळलं, बसली.

डावी अजून डबीत.
एका डोळ्यात माय धुरकट, एकात
नखांच्या कडेची लाल रेघसुद्धा.
"आग होते का?" ती विचारते.
डोळ्याबद्दल दुसरं काही विचारायचं असतं
हे तिला ठाऊकच नाही.